सरकीची पेंड, म्हशीचं दूध आणि नव्वद दिवसांचे उंदीर

साखरभात
विभाग: आहार-आरोग्य, ठाणे-नवी मुंबई

नमस्कार मंडळी. धागा कुठल्या विभागात टाकावा कळेना, चुकला असेल तर चालकांनी हलवावा.

आम्ही माजिवड्याला राहतो. गेली नऊ वर्षं दूध कळव्याकडच्या एका तबेल्यातून येतं. रविवारी दूधवाल्या काकांच्या घरी कोणाला तरी ताप होता, म्हणून मी आणि लेक किटली घेऊन तबेल्यावरच गेलो. लेक यंदा बायोटेकला लागली आहे, त्यामुळे सध्या घरात श्वास घ्यायचा तरी प्रश्नोत्तरं होतात. दारात पोती रचलेली दिसली. तिने विचारलं, "काका, हे काय?" ते म्हणाले, सरकी पेंड. झालं. "आई, म्हणजे बीटी कापसाचीच ना? मग बीटी वांग्यावरून एवढं रामायण झालं आणि पेंडीला कोणी हटकलंच नाही?"

मला उत्तर देता आलं नाही. वर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर दोन महिन्यांनी त्या गाठी आलेल्या उंदरांचा फोटो फिरतो, "जीएम मका खाल्लेले उंदीर पाहा" म्हणून (जीएम म्हणजे जनुकं बदललेलं पीक). तोही त्याच रात्री आला. लेक म्हणते हा अभ्यास मागे घेतला गेलाय, शेजारच्या काकू म्हणतात दाबला गेलाय.

तर जाणकारांनी सांगावं. हे असं जनावरांना खाऊ घालून नेमकं काय तपासतात? आपल्याकडे कोणी तपासलंय का? आणि मी दूध बदलू की नको? तिसऱ्याचं उत्तर आधी दिलंत तरी चालेल, उद्या सकाळी सहाला बेल वाजणार आहे.

गप्पीदास
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. मक्याचेच आहेत, पण घाबरू नका, आपल्या देशात जीएम मका पेरायला परवानगी नाही.

वऱ्हाडी ठेचा
ताई, पेंड म्हणा ठाण्यात, आमच्याकडे तिला ढेप म्हणतात. राहतो घणसोलीत, पण घर यवतमाळचं, म्हणून बोलायचा हक्क आहे.

बीटी कापूस म्हणजे जिवाणूचं जनुक घातलेला, अळीला मारणारं प्रथिन स्वतःच बनवणारा कापूस. त्याला २००२ साली परवानगी मिळाली, दोन जनुकांचा दुसरा अवतार २००६ मध्ये आला. आज देशातला नव्वद टक्क्यांहून जास्त कापूस बीटी आहे. बिगर-बीटी सरकी हुडकायला गेलात तर पायताण झिजेल. तेव्हा सरकी तीच, ढेप तीच, आणि तुमच्या नौपाड्यातल्या फरसाणाच्या कढईत सरकीचं तेल असेल तर तेही त्याच बोंडातलं. तेल गाळून शुद्ध केलं की त्यात प्रथिन जवळजवळ उरत नाही, ते सगळं ढेपेत येतं. आमच्या बाबांच्या गोठ्यात वीस वर्षांपासून हीच ढेप आहे. एकही म्हैस तिच्यानं मेली नाही. दूध बदलू नका.

बीजरक्षक
ठेचाभाऊ, बाबांच्या गोठ्याबद्दल आदर आहे, पण "काही झालं नाही" आणि "काय झालं ते कोणी मोजलं नाही" यात फरक असतो. गोठ्यात तुलनेला बिगर-बीटी ढेप खाणाऱ्या म्हशी होत्या का? वारंगळकडे २००६च्या सुमारास वेचणी झालेल्या कापसाच्या रानात सोडलेल्या मेंढ्या मेल्या, तेव्हा मेंढपाळ ओरडून सांगत होते. ते कोणी ऐकलं?

मी घोडबंदरला गच्चीवर देशी वांग्यांची बाग करतो, बियाणं वाटतो. माझा पक्ष आधीच सांगून टाकला म्हणजे नंतर कोणी "छुपा अजेंडा" म्हणायला नको.

पशुवैद्य_ठाणे
मेंढ्यांचं एवढंच सांगतो. सरकारी तपासण्यांत बोट नायट्रेट आणि कीटकनाशकांच्या अंशांकडे गेलं, बीटी प्रथिनाकडे नाही. शेवटची वेचणी झालेल्या उभ्या पऱ्हाटीत भुकेली मेंढरं सोडली की हा धोका असतोच, कापूस कुठलाही असो. मेंढपाळांचं समाधान झालं नाही हेही खरं, आणि त्यांच्या जागी मी असतो तर माझंही झालं नसतं. मेलेल्या मेंढीचा नमुना प्रयोगशाळेत पोचेपर्यंत जे होतं ते मी पाहिलेलं आहे.

दुधाचं उद्या लिहितो, आज ओपीडी आहे.

पिंजरेवाला
बऱ्याच दिवसांनी माझ्या कामाचा विषय निघाला. मी निवृत्त. कोपरखैरणे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कंत्राटी प्रयोगशाळेच्या प्राणिगृहात एकवीस वर्षं काढली. नाव विचारू नका, सांगणार नाही. औषधं, कीटकनाशकं आणि दोनदा परदेशातून आलेला जीएम मका, असं सगळं उंदरांना खाऊ घातलंय.

साखरभात ताई, लोकांना वाटतं नवं पीक आलं की थेट उंदरापुढे ठेवतात. तसं नाही. उंदीर बराच उशिरा येतो. आधी पिकात जे नवं प्रथिन घातलंय ते एकटं वेगळं काढून तपासतात. त्याची साखळी माहीत असलेल्या विषांशी आणि ॲलर्जी देणाऱ्या प्रथिनांशी जुळते का ते संगणकावर पाहतात. मग काचेच्या नळीत जठरासारखं आम्ल आणि पेप्सिन घालून ते किती वेळात तुटतं ते पाहतात. मग शुद्ध प्रथिन एकदाच, भरपूर मात्रेत, छोट्या उंदरांना नळीने पोटात देतात. दुसरीकडे पिकाची झडती होते: प्रथिनं, स्निग्ध, तंतू, खनिजं, आणि मुळातच असलेली विषं. सरकीत गॉसिपॉल असतं, ते वाढलंय का हे बघावंच लागतं. हे सगळं झाल्यावर नव्वद दिवसांची पाळी.

बीटीचं म्हणाल तर ते प्रथिन अळीच्या पोटात चालतं कारण तिथे अल्कली असते आणि आतड्यात त्याला धरणारी ठराविक जागा असते. आपल्या जठरात आम्ल, आणि ती जागाच नाही. कुलूपच नाही तिथे किल्लीचं काय करणार. हे कागदावरचं. पण "कागदावर असं आहे" म्हणून कोणी गप्प बसू नये, यासाठीच आमची नोकरी होती.

आता नव्वद दिवस. आंतरराष्ट्रीय पद्धत ठरलेली आहे, प्रत्येक गटात किमान दहा नर, दहा माद्या. एका गटाला नवा मका, दुसऱ्याला त्याच घराण्यातला पण ते जनुक नसलेला मका, आणि तो शेजारच्याच शेतात, त्याच हंगामात पिकवलेला. शिवाय बाजारातली दोन-तीन साधी वाणं, म्हणजे मक्या-मक्यात मुळातच किती फरक असतो ते कळावं. रोज पाहायचं, आठवड्याला वजन, खाल्लेल्याची नोंद, शेवटी रक्त, लघवी, आणि मग यकृत, मूत्रपिंड, आतडी, सगळं कापून काचपट्टीवर.

सकाळी साडेसातला आत शिरायचं. चपला बाहेर, अंगावर वाफेने निर्जंतुक केलेले कपडे, डोक्याला टोपी. आत बावीस अंश, बारा तास दिवा, बारा तास अंधार. बाहेर महापेच्या रस्त्यावर आषाढाची झोड असो की वैशाखाचा वणवा, आत वर्षभर एकच ऋतू.

एक प्रसंग सांगतो. मक्याच्याच अभ्यासात चौदा नंबरच्या पिंजऱ्यात एक नर होता. मोठा उंदीर दिवसाला वीस ग्रॅमच्या आसपास खातो. याच्या नोंदीला चाळीस! वजन मात्र भावंडांइतकंच. आमच्या साहेबांचे डोळे चमकले, पचनात गडबड आहे की काय. मी रात्री दिवा जाण्याआधी पाच मिनिटं पिंजऱ्यासमोर बसून राहिलो. गृहस्थ खाद्याच्या गोळ्या पुढच्या पायांनी उकरून खाली ढकलत होते. खेळत होते! मग महिनाभर त्याच्या जाळीखालचा भुसा चाळणीने चाळायचा, सांडलेलं वेगळं करायचं, वाळवायचं, वजन करायचं आणि खाल्लेल्यातून वजा करायचं, हे काम माझ्याकडे आलं. तो नर तुलनागटात होता, साधा मका खाणारा. नव्या मक्याच्या गटात असता आणि कोणी चाळलं नसतं, तर अहवालात एक तारांकित ओळ, म्हणजे "इथे लक्षणीय फरक" अशी खूण, पडली असती.

दुसरा प्रसंग वाईट आहे. एका पावसाळ्यात शनिवारी रात्री वीज गेली, जनरेटर उठला नाही, पहारेकऱ्याने फोन केला तो साहेबांना लागला नाही. रविवारी सकाळी आत एकतीस अंश आणि दमट. दोन माद्या दगावल्या. पुढचे दहा-बारा दिवस सगळ्यांचं खाणं कमी. सगळ्यांचं, म्हणजे दोन्ही गटांचं. तुलनागट नसता तर "नव्या मक्याने भूक मंदावते" असा शोध लागला असता. आम्ही नियमाप्रमाणे घडलं तसं लिहून काढलं. लिहायचं की नाही यावर वर खल झाला होता, पण तो इथे नको.

हात दुखला टंकून. उद्या.

मांजरमाय
काका, तुम्ही छान लिहिता, पण "दोन माद्या दगावल्या" वाचून पुढचं वाचवेना. नव्वद दिवसांनी बाकीच्यांचं काय होतं तेही सांगा ना.

पिंजरेवाला
सगळे मारले जातात ताई, भूल देऊन. अवयव तपासायचे असतात. दर प्रयोगाला नैतिकता समितीची मंजुरी लागते आणि प्राण्यांची संख्या का लागते ते पटवून द्यावं लागतं. मला शेवटपर्यंत सवय झाली नाही. त्या दिवशी मी डबा खात नसे.

आकडेमोड
धागा सोसायटीच्या ग्रुपवरच्या फोटोपासून सुरू झाला म्हणून त्या फोटोबद्दल.

सप्टेंबर २०१२. फ्रान्सचे शास्त्रज्ञ सेरालिनी आणि सहकारी. एनके ६०३ हा तणनाशकाला न जुमानणारा मका आणि राउंडअप हे तणनाशक. दोन वर्षं, २०० उंदीर, गट वीस. दहा नरांचे, दहा माद्यांचे. त्यातल्या तुलनागटात दहा नर आणि दहा माद्या, बाकी सगळे कुठल्या ना कुठल्या मात्रेचे: ११ टक्के मका, २२, ३३, तणनाशकासह, तणनाशकाशिवाय, नुसतं पाण्यातून तणनाशक. म्हणजे नऊ प्रकारच्या जेवणावळींची तुलना दहा-दहा जणांच्या एकाच पंगतीशी.

आणि उंदीर स्प्रॅग-डॉली जातीचे. ही जात दोन वर्षांची होईतो निम्म्याहून जास्त उंदरांना आपणहून गाठी होतात, काहीही खाऊ घाला. दहा उंदरांतल्या पाचांना गाठ आणि दहांतल्या आठांना गाठ, या फरकावरून मक्यावर आरोप करणं म्हणजे आमच्या बेलापूरच्या सोसायटीत ए विंगच्या दहा घरांत तीन कुत्रे आणि बी विंगच्या दहांत सहा, म्हणून बी विंगचं पाणी कुत्रे ओढतं असं म्हणणं. शिवाय मात्रा वाढली तसा आजार वाढला, असंही आकड्यांत दिसत नव्हतं. पिंजरेवाले काका, बरोबर आहे ना जातीचं?

फोटोत तीन उंदीर आहेत: एक मका खाल्लेला, एक मका अधिक तणनाशक, एक नुसतं तणनाशक. तुलनागटातल्या गाठवाल्या उंदराचा फोटो नाही. त्यांनाही गाठी होत्या. इथेच माझा विश्वास उडाला.

नोव्हेंबर २०१३ मध्ये नियतकालिकाने लेख मागे घेतला. कारण दिलं, निष्कर्ष काढण्याजोगा नाही. लबाडी सापडली नाही असंही त्याच निवेदनात होतं. जून २०१४ मध्ये तो दुसऱ्या नियतकालिकात पुन्हा छापला गेला. तेव्हा लेक म्हणते तेही खरं आणि काकूंनाही म्हणायला जागा उरते.

बीजरक्षक
काकूंना आणखी जागा देतो. मधल्या काळात, २०१३च्या सुरुवातीला, मोन्सॅन्टोत, म्हणजे तो मका आणि राउंडअप बनवणाऱ्या कंपनीतच, पूर्वी नोकरी केलेले एक शास्त्रज्ञ त्याच नियतकालिकाच्या संपादक मंडळावर आले. लबाडी नसताना केवळ "निष्कर्ष कच्चा" म्हणून किती लेख मागे घेतात हो? दहा उंदीर कमी म्हणता, पण कंपन्यांच्या नव्वद दिवसांच्या अभ्यासांतही गटात तेवढेच दहा-वीस असतात. ते चालतात?

आकडेमोड
हा प्रश्न मी स्वतःच विचारणार होतो, तुम्ही हिसकावलात.

नाही चालत. म्हणजे ज्यासाठी वापरले जातात त्यासाठी नाही चालत. लहान गटाची तलवार दुधारी असते. दहा उंदरांत धोका दिसला तर ओरडू नका, पण दहा उंदरांत दिसला नाही तर झोपूही नका. छोटा परिणाम छोट्या गटात सापडतच नाही. आणि मोजता किती गोष्टी! रक्तातल्या पेशी, एंझाइम, अवयवांची वजनं, नर वेगळे, माद्या वेगळ्या. शंभर गोष्टी मोजल्या तर निव्वळ योगायोगाने पाच-एक ठिकाणी तारा पडणारच. मग कंपनीवाले म्हणतात "जैविकदृष्ट्या निरर्थक" आणि विरोधक म्हणतात "यकृतावर परिणाम". दोघंही त्याच पाच ताऱ्यांकडे बोट दाखवत असतात.

म्हणून युरोपने सरकारी पैशाने पुन्हा करून पाहिलं. कंपनीच्या नव्हे. एकात एमओएन ८१० हा बीटी मका, दुसऱ्यात तोच एनके ६०३, दोन वर्षं, कर्करोगाच्या भागात गटात पन्नास नर आणि पन्नास माद्या. आधी योजना जाहीर, हरकती मागवल्या, मग प्रयोग, मग कच्चे आकडे खुले. या दुसऱ्याचे निकाल २०१८-१९ला आले. दोन्हींत मक्यामुळे अपाय दिसला नाही.

आणि आता गंमत. युरोपात २०१३च्या नियमाने नव्वद दिवसांची चाचणी सक्तीची झाली. याच प्रकल्पांतले शास्त्रज्ञ म्हणाले, आधीच्या तपासणीत काही शंका आली नसेल तर नुसतं सरसकट खाऊ घालून फारसं नवं कळत नाही. म्हणजे जी चाचणी लोकांना सर्वांत भरवशाची वाटते ती करणाऱ्यांनाच सर्वांत कमी भरवशाची वाटते.

पिंजरेवाला
जातीचं बरोबर. आमच्याकडे स्प्रॅग-डॉली माद्या दीड वर्षाच्या पुढे गेल्या की आम्हीच बोटांनी चाचपून गाठींची नोंद ठेवायचो, तुलनागटातही.

वरच्या शेवटच्या ओळीबद्दल माझा अनुभव सांगतो, कारण खरी मेख तिथे आहे. कीटकनाशक तपासायचं असेल तर माणसाच्या पोटात जाईल त्याच्या शंभरपट, हजारपट द्या, उंदीर आजारी पडेपर्यंत वाढवा, मग मागे या. म्हणजे कुठल्या मात्रेला सुरक्षित म्हणायचं ते कळतं. वांगं शंभरपट कसं देणार? उंदराचं पोट केवढं! खाद्यात एक तृतीयांश मका घातला की हद्द झाली. त्याच्या पुढे गेलात तर उंदीर जीएममुळे नाही, एकसुरी जेवणामुळे आजारी पडतो. तुम्हाला महिनाभर तिन्ही त्रिकाळ भरीतच दिलं तर काय होईल? तेव्हा अख्खं अन्न खाऊ घालून जो प्रश्न विचारता येतो तो छोटा आहे: या अन्नावर वाढलेला तरुण उंदीर तीन महिन्यांत नीट वाढतो का, त्याचे अवयव ठीक दिसतात का. एवढंच. लोक त्याच्याकडून कर्करोग, ॲलर्जी, नातवंडं, सगळ्यांचं उत्तर मागतात.

साखरभात
काका, लेक शेजारी बसून विचारतेय, या चाचण्यांनी कधी काही पकडलंय का? की सगळे अहवाल "अपाय दिसला नाही" एवढेच?

पिंजरेवाला
पकडलंय. ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ या सरकारी संस्थेने वाटाण्यात घेवड्याचं एक जनुक घातलं होतं, भुंगा लागू नये म्हणून. दहा वर्षांच्या आसपास काम झालं होतं. २००५ मध्ये छोट्या उंदरांना खाऊ घातल्यावर त्यांच्या शरीराने त्या प्रथिनावर प्रतिक्रिया दिली, फुप्फुसात सूज आली. घेवड्यात असताना निरुपद्रवी असलेलं प्रथिन वाटाण्याच्या पेशीत किंचित वेगळं घडलं होतं. प्रकल्प गुंडाळला. पुढे या निष्कर्षावर वाद झाले, पण वाटाणा काही बाजारात आला नाही. लक्षात घ्या, तिथे प्रश्न नेमका होता, की हे प्रथिन अंगाला चालतं का.

आणि उलटंही सांगतो. सोयाबीनमध्ये ब्राझील नटचं प्रथिन घातलं होतं, जनावरांच्या खाद्यात पोषण वाढावं म्हणून. ते ॲलर्जीचं निघालं, १९९६ मध्ये छापून आलं. ते उंदरांनी नाही पकडलं. ज्या माणसांना त्या नटची ॲलर्जी होती त्यांच्या रक्तद्रवाने पकडलं. तोही प्रकल्प बंद.

बीजरक्षक
हे दोन्ही मला माहीत नव्हते, मान्य करतो. पण दोन्ही ठिकाणी ज्यांनी बनवलं त्यांनी प्रामाणिकपणे थांबवलं. माझा आक्षेप तिथे आहे जिथे आकडे कुलपात असतात.

बीटी वांग्याचं घ्या. जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीचं. उंदीर, ससे, शेळ्या, कोंबड्या, मासे, दुभत्या गाई, सगळ्यांना खाऊ घातलं असं सांगत होते. दाखवा म्हटलं तर व्यापारी गुपित. माहितीच्या अधिकारात अर्ज, आयोग, न्यायालय, एवढं सगळं झाल्यावर २००८ मध्ये ती कागदपत्रं लोकांसमोर आली. १४ ऑक्टोबर २००९ला केंद्राच्या समितीने हिरवा कंदील दाखवला. मग जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, आपल्याकडची नागपुरात झाली, मी रात्रीच्या गाडीने गेलो होतो. ९ फेब्रुवारी २०१०ला स्थगिती. बांगलादेशने तेच वांगं २०१३ मध्ये मंजूर केलं, आपल्याकडची स्थगिती अजून तशीच.

मला वांगं विषारी आहे असं म्हणायचं नाही. नागपुरात मी तेव्हा म्हटलं होतं, आज म्हणणार नाही. ज्याचं बियाणं विकायचं तोच प्रयोगाचे पैसे देणार, तोच प्रयोगशाळा निवडणार आणि आकडे तोच ठेवणार, याला माझा विरोध आहे.

पिंजरेवाला
एकवीस वर्षं पगार त्याच पैशातून आला, तेव्हा मी काय बोलू. एवढंच सांगतो, चौदा नंबरच्या उंदराचा भुसा चाळा असं कंपनीने सांगितलं नव्हतं आणि चाळू नका असंही नाही. पण आकडे खुले असावेत यावर तुमच्या बाजूने माझं बोट वर.

वऱ्हाडी ठेचा
आणि कापसाच्या वेळी? तेव्हाही खाऊ घातलंच होतं ना? आमच्या ढेपेचं बोला की कोणी.

आकडेमोड
घातलं होतं. २००२च्या परवानगीआधी बीटी सरकी शेळ्या, गाई, म्हशी, कोंबड्या, माशांना देऊन पाहिली होती. गाईंचं काम कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत झालं, माशांचं आपल्या वर्सोव्याच्या मत्स्यशिक्षण संस्थेत. गाईंच्या दुधात ते प्रथिन सापडलं नाही. पण अभ्यास लहान आणि थोड्या दिवसांचे. वांग्यावर जेवढी चर्चा झाली तिच्या शतांशाने सरकीवर झाली नाही. कापूस म्हणजे कपडा, खाणं नव्हे, अशी सगळ्यांची समजूत होती. साखरभात ताईंच्या लेकीने नेमकं तिथेच बोट ठेवलं. शाबास पोरी.

कंटेनरवाला
उरणचा आहे, न्हावाशेव्याला क्लिअरिंगचं काम करतो. कोंबडी खाणाऱ्यांनी हसू नये. २४ ऑगस्ट २०२१च्या अधिसूचनेने १२ लाख टन जीएम सोयाबीनची पेंड आयात करायला परवानगी मिळाली, पोल्ट्रीवाल्यांनी भावापायी रड लावली होती म्हणून. समुद्रमार्गे उतरायचं बंदर आमचंच ठरवलं होतं. तेव्हा उंदीर नाहीत, सुनावण्या नाहीत. पर्यावरण मंत्रालयाचं म्हणणं असं होतं की तेल काढून भरडलेली पेंड जिवंत नाही, उगवणार नाही, तेव्हा हरकत नाही. म्हणजे कायद्याची भीती उगवण्याची, आणि आपण इथे चर्चा करतोय पोटात जाण्याची.

गप्पीदास
म्हणजे वांगं खाल्लं तर आंदोलन आणि तंदुरी खाल्ली तर अधिसूचना.

पशुवैद्य_ठाणे
ओपीडी, एक अडलेली म्हैस आणि पाऊस, यामुळे दोन दिवस उशीर. ताईंचा तिसरा प्रश्न अजून लटकतोय.

ताई, त्या पेंडीतलं बीटी प्रथिन म्हशीच्या पोटात अन्नासारखंच तुटतं. अमेरिकेत १९९६ नंतर जनावरांचं खाद्य बिगर-जीएमवरून जवळपास सगळं जीएमवर गेलं. २०१४ मध्ये दोन संशोधकांनी त्याआधीची आणि नंतरची सरकारी आकडेवारी ताडून पाहिली, शंभर अब्जांहून जास्त जनावरं आणि कोंबड्या. तब्येतीत, वाढीत, कत्तलखान्यात बाद होणाऱ्यांत बिघाड दिसला नाही. तो नियंत्रित प्रयोग नाही, बीजरक्षक लगेच म्हणतील, आणि बरोबरच म्हणतील. पण संख्येचा प्रश्न आकडेमोड यांनी काढलाच होता, ती ही संख्या.

माझी झोप उडवणारी गोष्ट त्याच पोत्यात आहे आणि तिच्यावर इथे कोणी अवाक्षर काढलेलं नाही. बुरशी. आषाढात ठाण्याच्या हवेत पेंडीचं पोतं ओल्या फरशीवर ठेवलं की तळाशी ढेकळं होतात, हिरवट-काळी. त्यातून अफ्लाटॉक्सिन बी वन तयार होतं. म्हशीने ते खाल्लं की तिचं यकृत त्याचं एम वन करतं आणि ते दुधात उतरतं. उकळून जात नाही, तापवा कितीही. कर्करोगकारक म्हणून त्याची दुधातली मर्यादा ठरवलेली आहे, किलोला ०.५ मायक्रोग्रॅम. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातले ६,४३२ दुधाचे नमुने तपासले, त्यातल्या ३६८ मध्ये एम वन मर्यादेबाहेर होतं. आणि पिशवीचं घ्यावं म्हणाल, तर सुट्यापेक्षा प्रक्रिया केलेल्या दुधात हे जास्त आढळलं.

चांगली बातमी ही की बुरशीची पेंड थांबवली की तीन-चार दिवसांत दूध निवळतं.

म्हणून दूध बदलू नका. पोतं बघून या.

पिंजरेवाला
डॉक्टरांना दंडवत. आमच्याकडे मक्याचा प्रत्येक लॉट आधी बुरशीच्या विषांसाठी तपासायचा नियम होता, नाहीतर तुलनागटच आजारी पडायचा. बीटी मक्यात फ्युमोनिसिन हे बुरशीचं विष सहसा कमीच असतं, कारण अळीने भोकं पाडली नाहीत की बुरशीला शिरायला वाट मिळत नाही. बीजरक्षक, हे टोचण्यासाठी लिहिलेलं नाही.

बीजरक्षक
टोचलं. पण घेतलं.

साखरभात
आठ दिवसांनी येतेय, माफी.

काल लेकीला घेऊन पुन्हा तबेल्यावर गेले. पोत्याला शिवलेल्या चिठ्ठीवर प्रथिनं, तेल, तंतू, वाळू, ओलावा, सगळ्याचे टक्के. कापूस कुठला, याबद्दल अर्थात काही नाही. वरची पोती ठणठणीत कोरडी, वासही चांगला, भाजलेल्या शेंगदाण्यासारखा. मग लेकीने तळाचं पोतं दाखवा म्हटलं. काका आधी हसले, म्हणाले, बेटी, ते गच्च दबलंय. तिने हट्ट सोडला नाही. दोघांनी मिळून वरची चार पोती बाजूला केली. तळाच्या पोत्याची एक कड भिंतीच्या ओलीने काळी झाली होती. तिने हात घातला आणि मुठीएवढं ढेकूळ बाहेर काढलं. फोडलं तर आत राखाडी कापसासारखी लव, आणि वास बंद पडलेल्या कपाटाचा.

काका म्हणाले, एवढं चालतं, म्हशीला कळतं, नको ते ती सोडून देते. मी मोबाइलवर डॉक्टरांचा प्रतिसाद हिंदीत सांगितला. ते गप्प ऐकत राहिले. मग पोराला हाक मारली, बाहेरच्या दोन फळ्या आणून विटांवर टाकल्या आणि पोती त्यावर चढवली. ते काळं पोतं वेगळं ठेवलं. अडीच हजाराच्या आसपासचं पोतं आहे, ताई, म्हणाले. टाकलं की नाही, मला माहीत नाही. मीही जोर केला नाही. या आठवड्यात दूध घेतलं नाही, पुढच्या सोमवारपासून घेणार आहे.

वांग्याचं भरीत मात्र काल केलं. देशी होतं, बीजरक्षक, तुमच्याकडे बी मिळेल का?

आणि पिंजरेवाले काका, लेक विचारतेय की सुट्टीत तुमच्या ओळखीने कुठल्या प्राणिगृहात काम शिकता येईल का. मी सांगितलंय तिला की शेवटच्या दिवशी काय होतं ते. तरी विचारतेय.

बीजरक्षक
व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पोस्टाने पाठवतो. पोस्टाचा खर्च तुमचा.

पिंजरेवाला
पहिला महिना फक्त भुसा चाळावा लागेल म्हणावं. चालणार असेल तर मलाही व्यनि करा.